तीस कडक भाकरी

माझ्या आजाराचं निदान डॉक्टरांनी सांगितलं ते यांना. मी बाहेर बाकावर बसले होते. हे केबिनमधून आले, माझ्याकडं न बघताच म्हणाले, "घरी चल, सांगतो."

घरी कळलं ते असं: सीकेडी, म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं कायमची निकामी होत चाललेली. मैत्रिणींबरोबर बदामीची सहल करून आले तेव्हाच माझे पाय सुजले होते. गाडीत बसून बसून सुजले असतील म्हणून मी मनावर घेतलं नाही. मग डायलिसिस सुरू झालं. म्हणजे अंगातलं रक्त यंत्रातून गाळून परत अंगात सोडायचं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. "आणि प्रवास बंद म्हणालेत डॉक्टर," हे म्हणाले.

ते मात्र लई लागलं. पथ्याचं अळणी जेवण मी गिळलं, पण आम्ही चौघी मैत्रिणी दरवर्षी कुठंतरी जायचो. शिदोरी माझ्याकडं असायची: माणशी दहा कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कमल लसूण खात नाही, तिची वेगळी.

या हिवाळ्यात आमच्या चौघींतली सुनंदा आली. "घरी पाहुणे येणारेत गं, तीस कडक भाकरी देशील? आणि थोडी चटणी बिनलसणाची." डायलिसिस नसलेल्या दिवशी बसून थापल्या, कडक केल्या. ती न्यायला आली आणि म्हणाली, "दहा-दहाची तीन पुडकी कर की."

माझा हात थांबला.

"कुठं निघालाय?"

ती खाली बघत म्हणाली, "हंपीला. भाऊजीच म्हणाले, तिला सांगू नका, जिवाला लावून घेईल."

मला वगळून निघाल्या, आणि शिदोरी माझ्याच हातची! तरी पुडकी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस झाल्यावर एकटीच केबिनमध्ये शिरले. "डॉक्टर, मला कधीच कुठं जाता येणार नाही का?"

"जाता येईल की, ताई. तब्येत स्थिर आहे. जिथं जाल तिथल्या सेंटरला आधी कळवायचं, रिपोर्ट न्यायचे, एक डायलिसिस तिथं करायचं. मिस्टरांना दोनदा सांगितलंय मी."

दोनदा!

घरी येऊन जाब विचारला तर हे म्हणाले, "वाटेत काही झालं असतं म्हणजे? मला भीती वाटली."

"भीती तुम्हाला, आणि कोंडून मला ठेवलंत?"

राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला सांगू? सुया टोचून घ्यायची सवय झाली, या लपवाछपवीची होत नाही. त्या डॉक्टरांचे मात्र उपकार मानते, विचारल्यावर सरळ बोलले. तुमच्यापैकी कुणी बाहेर बाकावर बसलं असेल तर उठा, आत जा. तुमचा आजार तुमच्या कानांनी ऐका.

आता तपासणीला आत मी जाते, हे बाकावर बसतात. परवा बाहेर आले तर धडपडत उठले. "काय म्हणाले? प्रवासाचं विचारलंस?"

पिशवी खांद्याला लावली आणि म्हटलं, "घरी चला, सांगते."