कोंडाबाईचे तळपाय

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. ती गेली, आणि सांगायचं राहूनच गेलं. आता घरात मी एकटाच. लोक येतात ते रस्त्याबद्दल विचारायला. उत्तर मिळालं की उठतात. तुम्ही समोर नाही, म्हणूनच तुम्हाला सांगणं जमतंय — कदाचित.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू, आजही आहे. पुण्याहून इंजिनिअर होऊन आलो आणि दोन भागीदारांसोबत रस्ते बांधायची कंपनी काढली. पैसा त्यांचा, अक्कल माझी. वाशीमकडची काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावरचा रस्ता दोन पावसाळ्यांत वर-खाली होतो. आमचे रस्ते टिकायचे. कसे, म्हणून कोणी विचारलं की मी मातीच्या थरांवर बोलायचो. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं —

उरलेलं अर्धं म्हणजे केनवडची कोंडाबाई. खडी फोडायला आलेली विधवा. दगडी रूळ फिरून गेला की ती त्या तुकड्यावरून अनवाणी चालायची आणि एखाद्या जागी टाच आपटून थांबायची. तिथं उकरलं की खाली मुरूम कमी, माती ओली. दर वेळी! एकदा मी तिला पुस्तकातली आकृती दाखवली, तर म्हणाली, "साहेब, तुमच्या पुस्तकाले पाय हायेत का?" सगळी टोळी हसली. मीही हसलो. पण त्यानंतर ती चालून गेल्याशिवाय एक फर्लांगही मी पास केला नाही. भागीदारांना हे सांगितलं का? नाही. मग माझ्या अकलेचं काय राहिलं असतं?

मालेगावच्या अलीकडच्या तुकड्यावरून ती अजून चालली नव्हती, तोच तो तपासायला अकोल्याहून बांधकाम खात्याचे मोठे साहेब आले. मागे भागीदार, मुकादम, मजूर. मी थरांवर बोलत होतो — आणि मजुरांतून चालणारी कोंडाबाई मध्येच टाच आपटून थांबली.

"इथं पोकळ हाय, साहेब. आताच उकरा, नाई तं पावसात चाक बसन."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ही कोण?

हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं — एवढंच सांगायचं होतं. ती खरं बोलत होती, हेही मला कळलं होतं. मी म्हणालो, "लक्ष देऊ नका. वेडी आहे ती."

ती पदर सावरून खडीच्या ढिगापाशी जाऊन बसली.

पावसात चाक बसलंच. मी नाल्याच्या पाण्यावर खापर फोडून तो तुकडा गुपचूप पुन्हा घातला. पण तोवर माझा शब्द गावोगाव गेला होता. एवढा शिकलेला माणूस म्हणतो, म्हणजे असेलच. मुकादमानं तिला कामावरून काढलं. मला कळलं नाही, असं नाही. हजेरीच्या वहीत तिचं नाव दिसलं नाही, आणि मी पान उलटलं.

मग एक दिवस मुकादमच हसत म्हणाला, तिच्या पोरीची मालेगावची सोयरीक मोडायला आली. "आई येडी म्हनल्यावर लेक कोन करन, साहेब?"

मी मालेगावला गेलो. सांगायलाच गेलो होतो — एवढं तरी खरं धरा. मुलाच्या बापानं बाज टाकली, चहा मागवला. शेजारी कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाला, "तुमी तिले रोज पाह्यलं. तुमचंच आयकतो मी. बाई खरंच येडी हाय का?"

इतका सोपा प्रश्न मला कोणत्या परीक्षेत आला होता? एक 'नाही' पुरे होतं. पण मग तो विचारणार — तर तुमी तसं काहून म्हटलं? आणि ते उत्तर मालेगावातून माझ्या भागीदारांपर्यंत जाणार. कप हातातच राहिला. मी म्हणालो, "तुम्ही जाणते आहात. मी काय सांगू?"

त्याला जे समजायचं ते समजलं.

तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. दोन्ही हात जोडून म्हणाला, "साहेब, वाचवलं तुमी आमाले."

मी तो नमस्कार घेतला.