यशवंतचं व्हायरल

तीस वर्षं कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवताना नागूबाईचं डोकं फिरलं नव्हतं, ते नवऱ्यानं आठ दिवसांत फिरवून दाखवलं.

यशवंतच्या घशाखाली आधी भाकरी उतरेना, मग भात, मग आंबीलही अडायला लागली. दुर्बीण घातली, तुकडा तपासला, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अन्ननलिकेचा कॅन्सर. "कशानं झाला?" यशवंतनं विचारलं. बाई प्रामाणिक. म्हणाल्या, तंबाखू तर आहेच. यात एखाद्या व्हायरसचाही हात असतो का, यावर संशोधन चालू आहे, पण अजून पक्कं काही नाही. एवढ्या सगळ्यातून या माणसानं एकच शब्द उचलला, आणि तोही धड नाही.

"व्हायरल हाय," त्यानं दवाखान्याच्या पायरीवरच जाहीर केलं.

आता भवानी पेठेत व्हायरल म्हणजे काय, तर आठ दिवसांचा ताप. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. शेजारच्या शांतम्मानं काढा आणला. तो याच्या घशात अडकून सदऱ्यावर सांडला. टपरीवरचे म्हणाले, तंबाखूला उगाच बदनाम करतेत. झालं, पुडी पुन्हा खिशात. नागूबाईनं ती गटारात टाकली, तर दुसऱ्या दिवशी नवी. सोमवारपासून लाईट घ्यायची होती, म्हणजे किरणांचा उपचार. त्यावर याचं उत्तर तयार.

"व्हायरलला कशाला लाईट? आपोआप उतरतंय की."

समजावून समजावून तिचं तोंड दुखलं. सोमवारी रिक्षा दारात येऊन उभी राहिली, आणि हा बनियनवर बसलेला.

"तुमाला कॅन्सर हाय," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. "व्हायरल न्हाय. किती येळा सांगू?"

"ठावं हाय मला. मी काय येडा हाय का?" तो हळू आवाजात म्हणाला. "व्हायरल म्हणलं की माणसं दारात येऊन इचारत्यात, उतरलं का. कॅन्सर म्हणलं की नजर चुकवून जात्यात. पलीकडच्या मायाप्पाला झाला तवा कोण गेलं त्याच्याकडं? मी तरी गेलो का?"

नागूबाईला एकदम रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

"मी इचारीन," ती म्हणाली. "रोज इचारीन. आता सदरा घाला."

त्यानं घातला. बटणं तिनंच लावली.