कानावरचा खिळा

चोपड्याच्या नाक्यावरचे सायकलवाले नाना फार बोलत नाहीत. सुतार पेन्सिल ठेवतो तसा ते कानावर खिळा ठेवतात. कशाला, ते मी कधी विचारलं नव्हतं. सातपुड्याच्या सफरीला निघताना हवा भरायला थांबलो, तर त्यांनी तोच खिळा माझ्या नव्या टायरात खुपसला.

“अहो नाना, हे काय!” मी ओरडलोच.

“काढ पंक्चर. आठे मी शे, घाटमा कोन शे?” इथे ते होते; घाटात मी एकटाच असणार होतो.

पंप, पाने, सोल्यूशन, सगळं पिशवीच्या तळाशी. भर रस्त्यात चड्ड्या-बनियन उपसत मी ते शोधलं, घामाघूम होऊन पंक्चर काढलं, सामान परत तळाशी टाकलं आणि वर कपडे कोंबले.

नाना बघत होते. त्यांनी खिळा धोतराला पुसला आणि मागच्या चाकापाशी जाऊन बसले.