‘समजलं का?’ विचारू नये

पुण्याच्या स्टँडवरून औरंगाबादची एस.टी. सकाळी सहाला सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत बहिणीने दिलेल्या दशम्या होत्या, पाण्याची बाटली होती आणि घडी घातलेला एक कागद होता. दशम्या नगर यायच्या आत संपल्या. कागदाकडे बघायचं मात्र मी टाळत होते.

गोष्ट बरीच जुनी. तेव्हा गाडीच्या पाटीवर औरंगाबाद असंच लिहिलेलं असे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका द्राक्षबागांच्या गावात प्राथमिक शाळेवर बाई होते. माझ्या दुसरीच्या वर्गात कावेरी नावाची मुलगी होती. तिचे आईवडील विजापूरकडून बागेत कामाला आलेले, घरात कानडी. वर्ष संपत आलं तरी पोरीने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. ‘समजलं का, कावेरी?’ म्हटलं की ती मान हलवायची आणि पाटी कोरीच ठेवायची. शेवटी आमच्या हेडसरांनी ठरवलं, की हिला मतिमंद मुलांच्या शाळेत पाठवायचं. वर्गशिक्षिकेने भरायचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला. त्यात एक रकाना होता : ‘सांगितलेले समजते काय?’ सोमवारपर्यंत उत्तर लिहून द्यायचं होतं. ‘नाही’ लिहायला मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. तो एक शब्द पोरीच्या कपाळी जन्मभर चिकटला असता.

त्याच आठवड्यात ओळखीच्या एका पर्यवेक्षकांनी सांगितलं, की औरंगाबादला छावणीजवळ एक छोटी शाळा आहे. उर्दू घरची आणि मराठी घरची मुलं तिथे एका वर्गात बसतात आणि हाताने वस्तू करता करता शिकतात. खरं सांगायचं तर मला हसू आलं. वस्तूच करत बसली तर पोरं पाढे कधी पाठ करणार? तरी मी रजा टाकली. दुसरा काही मार्ग सुचत नव्हता, एवढंच त्याचं कारण.

नगर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं ऊन. मार्च महिना, कापणी झालेली ज्वारीची रानं आणि मधेच एखादा हिरवागार उसाचा तुकडा. गोदावरीच्या पुलावर सगळ्या गाडीने हात जोडले, मीही जोडले. गंगापूर फाट्याला एक आजीबाई चढल्या. मांडीवर गाठोडं ठेवून त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली.

“कुठून आल्या बाई?”

“सांगलीकडून.”

“अगं माय! लई लांबून आल्या. कोणाकडं, लेकीकडं?”

“नाही हो, शाळा बघायला.”

“शाळा?” त्यांनी गाठोडं सावरलं. “तुमच्याकडं शाळा नाय व्हय?”

मी हसले आणि पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली. उतरताना त्यांनी माझ्या ओंजळीत मूठभर बोरं टाकली आणि ‘पाहा बरं नीट’ असं बजावून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी रिक्षा भडकल दरवाजावरून छावणीकडे निघाली. एवढ्या थोरल्या कमानीखालून जाताना मी मान वर केली, तर रिक्षावाल्याने विचारलं, “पहिल्यांदा आले का म्याडम? अजून लई दरवाजे हैत इथं.” छावणीत आल्यावर सावली सुरू झाली. रुंद रस्ते, मोठाले कडुलिंब, बाजारात तंदूरच्या भिंतीवरून काढलेल्या नानांच्या चळती. त्या वासाने रिक्षा थांबवावीशी वाटली, पण शाळेची वेळ झाली होती.

शाळा म्हणजे जुन्या बंगल्याच्या मागची लांबट पत्र्याची खोली. आत पाय ठेवला आणि मला वाटलं, बाई वर्गावर नाहीत. एवढा गोंगाट! नंतर दिसलं, की बाई एक नाही, दोन आहेत आणि दोघीही जमिनीवर बसल्या आहेत. एक नसरीन आपा, उंच, किरकोळ, डोक्यावर पांढरी ओढणी. दुसऱ्या पठाडे बाई, फुलंब्रीच्या, ठसठशीत आवाजाच्या. दोघी मिळून एक वर्ग चालवत. आपा उर्दूत बोलत, पठाडे बाई मराठीत, आणि मुलं ज्याला जे येईल त्यात.

त्या महिन्यात वर्ग हिमरू विणत होता. हिमरू म्हणजे इथली सुती-रेशमी नक्षीची शाल. खरा माग तिथे कुठला असायला! लाकडी चौकटींना खिळे मारून मुलांनीच हातमाग केले होते. उभे धागे म्हणजे ताना, आडवे म्हणजे बाना. चौकोन आखलेल्या कागदावर पानाची नक्षी काढायची, किती घरं रंगली ते मोजायचं आणि तेवढेच धागे उचलायचे. मुलं दोघा-दोघांनी बसली होती. एक जण कागद वाचून धागे सांगणार, तो कारागीर. दुसरा विणणार, तो शागीर्द (शिष्य). कारागिराने आपल्या घरच्या भाषेत सांगायचं. पान पुरं झालं की अदलाबदल.

“दोन सोड, तिसरा उचल,” एक मुलगी सांगत होती. तिच्यापुढचा मुलगा पुटपुटला, “दो छोड, तीसरा उठा,” आणि उचलला की त्याने तिसरा!

बेरीज, वजाबाकी, तीनाचा पाढा, सगळं त्या चौकटीत चाललं होतं. एका जोडीचं पान देठापाशी वाकडं गेलं होतं. दोघं डोकं लावून कुठली ओळ चुकली ते शोधत होती, बाईंकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं. कांद्याच्या सालींत उकळून धागा पिवळा केलेला होता आणि तो किती वेळ उकळला तर किती पिवळा, हे भिंतीवर धागे चिकटवून मांडलं होतं. मी भिंतीजवळ उभी होते. कान किटले होते, साडीला सुताचा भुगा लागला होता आणि तरी मला तिथून हलावंसं वाटेना. वीस वर्षं मी मुलांना गप्प बसवण्यात घालवली होती, त्याची लाजही वाटली.

पण सवय कुठे जाते? फुलंब्रीकडची मंगल नावाची एक मुलगी अडली होती. मी लगेच खाली बसले, तिच्या हातातून कागद घेतला, घरं कशी मोजायची ते चांगलं खडूफळ्याच्या सुरात समजावलं आणि शेवटी विचारलं, “समजलं का?”

सगळी पोरं चौकटी सोडून माझ्याकडे वळली. मग सगळा वर्ग टाळ्या पिटत ओरडला, “पाहुण्या बाई शागीर्द! पाहुण्या बाई शागीर्द!”

मी कावरीबावरी. पठाडे बाई हसू दाबत म्हणाल्या, “आमच्या इथं ते विचारायचं नसतं बाई. ‘करून दाखव’ म्हणायचं. ज्यानं ‘समजलं का’ विचारलं, त्यानं शागीर्द व्हायचं. आम्ही दोघीबी लई खेपा झालो.”

मला चौकटीपुढे बसवण्यात आलं. माझी कारागीर आठ वर्षांची तबस्सुम. तिचे दादा (आजोबा) पूर्वी हिमरूच्या मागावर काम करायचे. ती पोर जे सुरू झाली ते थांबेचना. “देखो टीचर, ये ताना पकडने का, दो उप्पर दो नीचे, फिर कंघी मारने का, फिर पलटाके तीन छोडने के, किनारी का नै छोडने का, हौ?” हिंदी मला येतं असा माझा समज होता. पण हा वेग, ही दखनी, त्यात मागाचे शब्द आणि भोवती चाळीस डोळे! पहिल्या वाक्यातलं अर्धं कळलं, दुसऱ्यापासून माझं डोकं बंद पडलं. तबस्सुमने माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय केलं?

मान हलवली.

मी विणायला लागले. चार ओळी झाल्या. पान सोडाच, ते काय झालं होतं ते माझं मलाच कळेना. मंगलने वाकून पाहिलं आणि निकाल दिला, “आपा, पाहुण्या बाईला काहीच कळालं नाय. नुसती मान हलवू राह्यल्या!”

सगळे हसले. माझे कान तापले. पन्नाशीला आलेली बाई मी, आठ वर्षांच्या पोरांसमोर रडू येईल की काय असं वाटलं. आणि त्याच क्षणी मला कावेरी दिसली. बाकाच्या टोकाला बसलेली, मान हलवणारी. ते ‘हो’ नव्हतंच कधी. पुढच्याने आपल्यावरची नजर काढावी म्हणून ती मान हलत होती. आत्ता माझी हलली तशीच.

तबस्सुम हसली नाही. “ऐसा नै,” एवढंच म्हणाली आणि तिने माझ्या चारही ओळी उसवल्या. मग माझा आंगठा धरला, माझ्याच आंगठ्याने दोन धागे वर घेतले, दोन खाली दाबले. तोंडाने अवाक्षर नाही. दोनदा तसं केल्यावर तिने हात काढून घेतला. तिसऱ्या खेपेला ओळ मला एकटीला जमली. तेव्हा कुठे तिने एक वस्तू माझ्या हातात देऊन तिचं नाव सांगितलं आणि तो शब्द मी अजून विसरलेले नाही : ‘कंघी’. ओळ खाली ठोकून बसवायची फणी.

खेळाचा शेवट अजून बाकी होता. उठण्याआधी शागिर्दाने कारागिराला काहीतरी शिकवायचं असतं. मला पटकन सुचेना. माझ्या हाताला खडूखेरीज येत तरी काय होतं! शेवटी कापूस मागवला आणि तबस्सुमला समईची वात वळायला शिकवली. तिची पहिली वात सुरवंटासारखी जाडजूड झाली. मी तोंडावर आलेला प्रश्न गिळला आणि म्हटलं, “करून दाखव परत.”

मधल्या सुट्टीत डबे उघडले. आपांच्या डब्यात तहारी (पिवळा मसालेभात) होती, पठाडे बाईंकडे भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. दोन्ही माझ्या ताटलीत आलं. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं ते बरंच झालं, कारण मी पिशवीतला कागद काढून आपांपुढे ठेवला होता.

आपांनी तो सावकाश वाचला. त्यांचं मराठी स्वच्छ होतं. म्हणाल्या, “माझ्या अब्बांची बदली झाली नं, तेव्हा मला मराठी शाळेत घातलं. दोन साल मी मुंडी हलवली बाई. मास्तर विचारायचे समजलं का, मी मुंडी हलवायची. घरी येऊन अम्मीच्या मांडीवर रडायची. लोक म्हणायचे, लडकी मंद आहे.”

“मग?”

“मग एक दिवस शाळेत दिवाळीला कंदील करायचे होते. मला कागद कापता यायचा, मोहरमच्या ताजियाचं कागदाचं काम घरात पाहिलेलं. सगळ्या मुली माझ्यापाशी शिकायला बसल्या. मला बोलावंच लागलं.” त्यांनी कागदाची घडी घालून परत दिली. “तुमच्या पोरीला काय येतं?”

वर्षभर तिला काय येत नाही, एवढंच मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारीही मी त्या खोलीत गेले, एक पान कसंबसं पुरं केलं. संध्याकाळी पाणचक्कीच्या हौदाकाठी जरा बसले. लांबून जमिनीखालून आलेलं पाणी तिथे भिंतीवरून पडतं. लोक ते पाहायला दूरदूरून येतात. मी मात्र कावेरीचे हात आठवायचा प्रयत्न करत होते. चिकाने काळी पडलेली बोटं. सुट्टीच्या दिवशी ती आईबरोबर बागेत वेलीच्या काड्या तारेला बांधते, हे मी रस्त्याने जाताना शंभर वेळा पाहिलं होतं.

सोमवारी सकाळी मी सुतळीची गुंडी आणि वेलीची काडी घेऊन वर्गात गेले. टेबल-खुर्ची सोडून कावेरीच्या बाकापाशी जमिनीवर बसले. खिडकीच्या गजाला काडी टेकवली, सुतळी तिच्या हातात दिली आणि माझ्या छातीवर बोट ठेवून म्हटलं, “मला शिकव.”

तिने सुतळी चिमटीत धरून ओढून पाहिली. मग तिची बोटं हलली. गजाला एक वेढा, मधे पीळ, काडीभोवती सैल फास आणि गाठ. काडी आवळली जात नाही आणि वाऱ्याने सुटत नाही. मी करायला गेले. पीळ विसरले आणि सवयीने मान हलवली, जमलं म्हणून.

कावेरीने माझी गाठ पाहिली. ती सोडली.

“हंगल्ल,” ती म्हणाली. (तसं नाही.)

वर्षभरात तिने माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. मला इतका आनंद झाला, की दुसऱ्यांदाही गाठ चुकली. “हंगल्ल!” आता तिचा आवाज चढला. तिने माझा आंगठा धरला, सुतळीला पीळ दिला आणि म्हणाली, “हिंग.” (असं.) मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, “बाई, आम्हीपण बांधू?” आणि बघता बघता सगळा वर्ग तिच्याभोवती.

दुपारी हेडसरांनी कागद मागितला. मी दिला. ‘सांगितलेले समजते काय?’ या रकान्यात मी लिहिलं होतं : ‘तिने सांगितलेले मला तिसऱ्या खेपेला समजले.’

सरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. कागद खणात टाकला, व्हरांड्यातून माझ्या वर्गात आले, धोतर सावरत कावेरीसमोर मांडी घालून बसले आणि सुतळीसाठी हात पुढे केला.