चॅनेलची सोयरीक

जगात लग्नं जुळवणारे पुष्कळ आहेत, पण टीव्ही चॅनेलचं लग्न लावून देणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. राहू या गावी त्यांचा केबलचा धंदा. गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर केबल पोचवायची, शिवाय स्वतःचं एक लोकल चॅनेल चालवायचं. त्यावर शाळेचं स्नेहसंमेलन, भीमजयंतीची मिरवणूक, दशक्रियेची निवेदनं, कुणाच्या हरवलेल्या म्हशीचं सविस्तर वर्णन आणि गावच्या यात्रेतली मुलींची कबड्डी, तीही थेट मैदानातून, असा सगळा माल. मामा त्याला चॅनेल म्हणत नाहीत, ‘आमची पोर’ म्हणतात. त्यांची खरी मुलगी निमोण्याला दिलेली आहे. तिची चौकशी केली तर ‘बरी हाय’ एवढंच उत्तर मिळतं. चॅनेलची चौकशी केली की मामा खुर्ची पुढे ओढतात आणि मामींना चहा टाकायला सांगतात.

आता हा धंदा असा आहे, की गावच्या केबलवाल्याला पुण्याच्या एखाद्या मोठ्या कंपनीशी करार करावाच लागतो. सगळी चॅनेलं तिच्याकडून येतात आणि गावचं लोकल चॅनेलही तिच्याच रांगेत एका नंबरावर बसतं. पण या कंपनीचं आणि क्रिकेट दाखवणाऱ्यांचं दरवर्षी बिनसतं आणि ऐन सामन्याच्या तोंडावर पडद्यावर पाटी येते, ‘आपल्या केबलचालकाशी संपर्क साधा.’ राहूची माणसं आज्ञाधारक. ती लगेच संपर्क साधतात, तेही पायातल्या चपला न काढता थेट माजघरात येऊन. मग मामांना कंपनी बदलावी लागते. बाकीचे केबलवाले सही करून मोकळे होतात. मामा मात्र सोयरीक करतात. कंपनीची माणसं मूळची कुठली, बोलायला कशी, शब्दाला जागतात का, याची चौकशी चार ठिकाणी होते. मग पाच माणसं घेऊन बैठकीला जायचं, नारळ द्यायचा, टॉवेल-टोपी द्यायची. करार मोडला की त्याला ते काडीमोड म्हणतात. एकदा यवतला हायवेवरच्या हॉटेलात आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात समोर एका जुन्या कंपनीची गाडी येऊन थांबली. मामांनी कपासकट पाठ फिरवली. मी विचारलं तर म्हणाले, “व्याही हुता एके काळी. आता तोंड बघायची इच्छा न्हाई.” गाडीतला ड्रायव्हर बिचारा पाण्याची बाटली घ्यायला उतरला होता.

अलीकडे मात्र या सोयरिकींना उतरती कळा लागली होती. निम्मं गाव मोबाइलवर मॅच बघायला लागलेलं, उरलेले मामांवर उपकार म्हणून केबल ठेवून होते. अशात क्रिकेटची मोठी फायनल आली आणि आठवडाभर आधी कंपनीचं पुन्हा बिनसलं. खेळाचं चॅनेल गेलं. पारावरच्या आबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “मामा, रविवारी मॅच दिसली न्हाई तर तुमचा केबलचा डबा काढून न्या. नातू मोबाइल लावून देतो म्हनतोय.” आबा गेले की पाठोपाठ सगळे जाणार आणि केबलला कुलूप लागणार, हे मामांना न सांगता कळत होतं. दुसरी कंपनी तयार होती, पण तिची एकच अट होती. लोकल चॅनेल बंद करायचं आणि त्याचा नंबर कंपनीच्या जाहिरातींना द्यायचा. दोन दिवस आपण अन्नाला शिवलो नाही, असं मामा सांगतात. जेवले, पण भाजीला नाव न ठेवता जेवले, असं मामी सांगतात. मला मामींचं जास्त गंभीर वाटलं.

पुण्याच्या बैठकीत पाचवा माणूस म्हणून मी होतो. समोर लखनौकडचा एक गोड पोरगेला मॅनेजर. टॉवेल-टोपी बघून तो आधी उठून उभा राहिला, मग घाबरला. “अंकल, इस लोकल चॅनेल को देखता कौन है?” त्याने विचारलं. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “पाव्हणं, यास्नी सांगा, पोरगी देताना तिला कोन बघतं ते इचारत न्हाईत. तिला कसं नांदवनार ते सांगत्यात.” मी यातलं जमेल तेवढं हिंदीत उतरवलं. शेवटी मामांनी एकच मागणं घातलं. यात्रेच्या दिवशी पोर माहेरी पाठवायची, कबड्डी दाखवायची, दुसऱ्या दिवशी खुशाल न्यावी. मॅनेजर हसून म्हणाला, “बिलकुल, अंकल, बिलकुल!” मामांनी सही केली. करारात हे कुठे लिहिलंय का, असं मी हळूच विचारलं, तर ते माझ्यावरच उखडले. “माहेरपन काय कागदावर लिव्हत्यात व्हय?”

रविवारी मॅच दिसली. आबांनी डबा ठेवला. लोकल चॅनेल गेल्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढे यात्रा आली. मामांनी मैदानावर कॅमेरे लावले आणि मला पोरीला माहेरी आणायला मुराळी करून पुण्याला धाडलं, बरोबर पेढे. ऑफिसात तो मॅनेजर नव्हता, त्याची बदली झाली होती. काउंटरवरच्या मुलीने माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कस्टमर आयडी काय आहे?” मी पेढे तिच्यापुढे ठेवून परत आलो. राहूला पोचलो तर मामा वेशीवर उभे होते. मी नकारार्थी मान हलवली. ते मैदानाकडे वळले. मैदानावर मुली जीव खाऊन खेळत होत्या, कॅमेरे सुरू होते, आणि पारावरचे आबा येऊन म्हणाले, “मामा, आमची नात खेळतीया, आन् घरी टीव्हीवर दिसंना. म्हातारी कवाची बसलीया बघत.” मला वाटलं, आता मामा आबांना धारेवर धरणार. पण ते इतकंच म्हणाले, “सासरी हाय, आबा. पाठवली न्हाई त्यांनी.” इतक्या वर्षांत त्यांच्या त्या बोलण्याला मी मनातून हसत आलो होतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. केबलच्या खोलीत टीव्ही चालू होता, आवाज बंद. पडद्यावर एक बाई न चिकटणारा तवा विकत होती. मामा समोर बसून एकटक बघत होते. हे चाललंय काय, म्हणून मी रिमोट उचलला आणि म्हणालो, “मामा, तुम्ही कशाला बघताय हे? बातम्या लावू का?” त्यांनी माझ्या हातून रिमोट काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

“असू द्या, पाव्हणं,” ते म्हणाले. “नंबर तिचा हाय.”