मी कागद फाडला नव्हता

कागद त्यांनी माझ्या हातात दिला नाही. ओट्यावरून खाली टाकला. सडा टाकलेल्या ओल्या जमिनीवर तो पडला. मी धावत जाऊन उचलला आणि फ्रॉकला पुसला. अक्षरं ओली होऊन पसरतील, एवढीच मला काळजी.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. चौथीत. आष्टीकडच्या एका खेड्यात आमचं घर. माझा बा गावचा कोतवाल. डफडं वाजवून दवंडी द्यायची आणि सरकारी माणूस आला की त्याच्या मागं पळायचं, हे त्याचं काम. ओट्यावर बसले होते ते मालगुजार, गावच्या जमिनीचे जुने मालक. मालगुजारी कायद्यानं संपली होती. ओटा संपला नव्हता.

बा म्हणाला, "मालक, तोंडी सांगा ना. मी सांगतो गावाले."

मालगुजार म्हणाले, "तू मधातले शब्द खाशील. लिहिलं तसंच गेलं पाह्यजे. तुही पोरगी शाळेत जाते म्हणे. वाचू दे तिले. पाहू तरी काय शिकली!"

ओट्यावरची चार माणसं हसली. ते हसणं मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की मालगुजारांनी मला वाचायला सांगितलं.

बा पुढं, मी मागं. तो डफडं वाजवायचा, थांबायचा, मी वाचायचे. शाळेत मास्तर सांगत, पूर्णविरामाला थांबायचं आणि शब्दाचा शेवट गिळायचा नाही. मी तसंच वाचलं. 'महारवाड्यातील लोकांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले आहे. सबब त्यांस कोणी कामावर घेऊ नये. दुकानदाराने मीठतेल देऊ नये. चक्कीवर दळण घेऊ नये. कोणी बैलबंडी देऊ नये.'

'सबब' या शब्दाला मी पहिल्या गल्लीत अडखळले. दुसऱ्या गल्लीत नाही.

आमच्या लोकांनी दीक्षा घेतली होती. त्यानंतर मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. घरात रोज त्यावर बोलणं चालायचं, मला सगळं माहीत होतं. तरी मी वाचत गेले. धडा म्हणून दाखवताना धड्यात काय लिहिलंय इकडं कोणाचं लक्ष असतं? बाचा हात हळू पडत गेला, तेवढं मला दिसलं. मला वाटलं, थकला असेल.

शेवटी आमची वस्ती. तिथंही दवंडी द्यायची होती. काकी दारात उभी होती. तिला आठवा महिना. मला पाहून ती शेजारणीला म्हणाली, "अवो, पोरगी कशी मास्तरावानी वाचून राह्यली!"

अर्ध्यात तिचं हसू थांबलं. मी थांबले नाही. शेवटपर्यंत वाचलं.

चक्की बंद झाली तेव्हा आम्ही ज्वारी भिजवून, उकडून खाल्ली. मीठ नव्हतं. तेही निभलं असतं. पण अकराव्या दिवशी काकीला दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या. गावात सात घरी बंडी होती. काका सातही दारांत जाऊन आला. एका घरच्या म्हाताऱ्यानं तर सांगितलंच, "तुह्याच पुतणीनं वाचलं ना बापू, बंडी देऊ नये म्हणून? मी कसा देऊ?"

मग काकीला बाजेवर निजवून बानं आणि काकानं बाज खांद्यावर घेतली. आष्टीच्या रस्त्यानं निघाले. मी पाण्याचा गडू घेऊन मागं. भर दुपार. नाला यायच्या आधी काकी गेली. पोटातलं लेकरूही गेलं. जाताना ती मला एक शब्द बोलली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नुसती पाहत होती. बाजेवरून तिची मान लटकत होती आणि डोळे माझ्याकडं होते.

मला शाळेतून कोणी काढलं नाही. मीच गेले नाही. मास्तर बोलवायला आले तर मायला म्हटलं, मला वाचता येत नाही. तेच पुढं धरून ठेवलं.

लग्न होऊन सेवाग्रामजवळ आले. तीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम केलं. हजेरीच्या वहीत अंगठा उठवला. नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं. कोणी पेशंट चिठ्ठी पुढं करायचा, "बाई, काय लिहिलं पाहा ना." मी म्हणायचे, "मले नाई समजत." चिठ्ठी मात्र मनात वाचून झालेली असायची. ओपीडीत कोणी यादी हातात घेऊन मोठ्यानं नावं वाचू लागलं की माझ्या तळव्यांना घाम सुटायचा. वाटायचं, आता हा 'सबब' म्हणेल. पोछा तिथंच टाकून मी बाहेर जायचे. सिस्टर म्हणायची, आयाबाईला कामाचा कंटाळा.

आमू माझी नात. पोराची पोरगी. कॉलेजात गेली आणि तिला गाण्याचं वेड लागलं. हिपहॉप म्हणतात त्याला. मला आधी ते भांडणच वाटलं. पेटी नाही, तबला नाही. एक मैत्रीण तोंडानंच धबधब आवाज काढायची, दुसरी पाण्याच्या पिंपावर हात मारायची आणि आमू बोलत सुटायची. माझ्या खोलीतच चालायचं त्यांचं. मी म्हणायचे, "कोनासंग भांडून राह्यल्या वो पोरीहो?" आमू म्हणायची, "सगळ्याइसंग, आजी."

एकदा तिची वही खाटेवर राहिली. मी उघडली. ती कधी मागं येऊन उभी राहिली, कळलं नाही. वाचताना माझे ओठ हलत होते.

"आजी! तुले वाचता येते?"

"येते."

"मंग आतापर्यंत काऊन नाई सांगतलं?"

तेव्हा सांगितलं. साठ वर्षांत पहिल्यांदा. ती रडली नाही, हे मला बरं वाटलं. तिनं वही घेतली आणि माझ्यासमोर बसून लिहिलं.

आजीनं वाचला कागद, घर तिचंच होतं त्यात
लिहिणारा ओट्यावर बसला, पानाचा विडा हातात

पुढं काकीची बाज होती, सात बंड्या होत्या. तिघींनी ग्रुपचं नाव ठेवलं 'चौथी पास'. ते गाणं मोबाइलवर टाकलं. ते कुठं कुठं गेलं देव जाणे. पण एक दिवस गाडी दारात आली. टीव्हीची माणसं. या पोरींचा ग्रुप कसा बनला यावर मालिका करायची म्हणत होते.

दिग्दर्शक तरुण माणूस. सभ्य. माझ्या पाया पडला. माझ्या घरचा चहा प्याला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला. मी सगळं सांगितलं. त्याचे डोळे भरले. म्हणाला, "आजी, हे सगळ्या महाराष्ट्रानं बघायला पाहिजे." मलाही तसंच वाटलं. वाटलं, टीव्हीत एकदाचं दिसलं तर माझ्या डोक्यातून जाईल.

शूटिंग पवनारच्या पुढं एका गावात होतं. मला आणि आमूला न्यायला गाडी पाठवली. सावलीत खुर्ची दिली. ओटा नवा सारवलेला. दहा वर्षांची एक पोरगी माझ्यासारखा फ्रॉक घालून उभी होती आणि एक बाई तिच्या गालाला माती लावत होती. मी मळकी नव्हते. माय मला रोज घासून अंघोळ घालायची.

ओट्यावरच्या नटानं कागद खाली टाकला. पोरीनं उचलला. वाचू लागली. खणखणीत. शब्दाचा शेवट गिळला नाही. माझे तळवे भिजले. खुर्चीचे हात मी धरून ठेवले.

तिसऱ्या ओळीला ती थांबली. मालगुजाराकडं पाहिलं. आणि तिनं कागद टराटरा फाडला. तुकडे ओट्यावर भिरकावले. नटानं मान खाली घातली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक म्हणाला, "अजून एकदा." एका माणसाकडं तशाच कागदांची चळत होती. त्यानं नवा कागद दिला. तिनं तोही फाडला. मग तिसरा.

मधल्या सुट्टीत ती पोरगी माझ्याकडं आली. "आजी, तुम्हाला फाडताना भीती नाही वाटली?"

म्हटलं, "मी फाडलाच नाई बाई. मी वाचला."

तिनं दिग्दर्शकाकडं पाहिलं. "सर, मग मी का फाडतेय?"

"बाळा, तू जा, पाणी पी." तो माझ्याजवळ बसला. "आजी, रागावू नका. बघणाऱ्या मुलींना बळ मिळायला हवं. तुमच्या मनात तेव्हा जे होतं तेच आपण दाखवतोय."

"माह्या मनात तवा काईच नोतं. मी खुश होतो. मले वाचाले भेटलं म्हणून."

त्यानं हातातली वही मिटली.

"अन् मालगुजाराची मान खाली काऊन गेली?"

"त्याला लाज वाटते, आजी."

"मरेपर्यंत नाई वाटली. मी पाह्यलं त्याले म्हातारा होऊन मरताना. ताठ होता." मग मी विचारलं, "काकी कुठं हाय?"

त्यांच्या गोष्टीत काकी नव्हती. कागद फाटला म्हणजे बहिष्कार झालाच नाही. बंडी मिळाली. म्हणजे काकी मेलीच नाही. साठ वर्षं ती माझ्याकडं पाहते आहे आणि यांनी तिला तीन कागद फाडून पुसून टाकलं.

मी उठले. चळतीतला कागद घेतला. त्यांनी 'वस्तीतील गरीब लोकांनी' असं लिहिलं होतं. मी 'महारवाड्यातील' म्हटलं. बाकीचं पाठच होतं. बंडीपर्यंत वाचलं. आवाज कापला नाही. कधीच कापत नाही, तीच तर गोष्ट आहे.

वाचून झालं आणि दिग्दर्शक उभा राहिला. त्याचा चेहरा फुलला होता. "कॅमेरा लावा रे! आजी, काय वाचलंत! परत एकदा, असंच, फक्त इकडं बघून!"

साठ वर्षांपूर्वी ओट्यावरच्यांनाही माझं वाचणं आवडलं होतं.

"नाई," मी म्हटलं.

"आजी, एकदाच."

"नाई. पोरीले पुरा कागद वाचू द्या. मंग काकीची बाज दाखवा, सात बंड्या दाखवा. मंग माही गोष्ट म्हणा. नाई त माह्या नावानं काई दाखवू नका."

तो म्हणाला, "ते फार जड होईल हो. लोक संध्याकाळी जेवताना बघतात."

"काकीले खांद्यावर नेली तवा बी गाव जेवूनच राह्यलं होतं."

आमूनं मला बाजूला ओढलं. तिला आधीपासून माहीत होतं. मालिकेची गोष्ट तिनं वाचली होती. करारावर सहीही केली होती. "आजी, एका सीनसाठी काऊन अडून बसली तू? तिघींचं पूर्ण वर्ष गेलं यात. आमचं गाणं जाईल."

"जाऊ दे."

"तुह्यासाठी सोपं हाय जाऊ दे म्हणणं."

ते खरं होतं. तरी मी त्यांच्या गाडीत बसले नाही. रस्त्यावर येऊन बस पकडली. घरी येऊन तळवे पाहिले. घाम नव्हता.

माझ्यावाचून मालिका थांबली नाही. त्यांनी गावाचं नाव बदललं, माझं नाव बदललं, सुरुवातीला सगळं काल्पनिक असल्याची पाटी लावली. पोरगी रोज जाहिरातीत कागद फाडते. आणि मागून आमूचा आवाज येतो, 'आजीनं फाडला कागद.' तिच्याच तोंडून. मी तिला विचारलं, "निघाला कसा तो शब्द?" ती म्हणाली, "गाणं हाय आजी ते." आता आम्ही एका घरात राहतो. चहा देते, घेते. त्यावर बोलणं होत नाही.

आणि आमूची आजी म्हणून लोक मला शाबासकी देतात. बाजारात भाजीवाली उठून उभी राहते. "आजी, तुमी त वाघीणच होत्या!" विहारातल्या बाया शाल घेऊन आल्या. सत्कार करायचा म्हणे, लहान पोरींसमोर. मी म्हटलं, "फाडला नाई मी. वाचला. अन् माही काकी मेली." एकजण रागावली. "आजी, आता पोरीइसमोर असं काऊन सांगता? चांगलं चाललं हाय ना!" शाल परत नेली त्यांनी. न्यावीच.

मला समजतं त्यांचं. आपली पोरगी शूर असावी असं कोणाला वाटत नाही? पण दहा वर्षांच्या पोरीच्या हातात स्वतःच्या घराचं मरण दिलं आणि तिनं आनंदानं वाचलं, एवढं पक्कं काम होतं ओट्यावरच्यांचं. ती फाडू शकली असती, तर ते काम कच्चं होतं, हसण्यावारी नेण्यासारखं होतं. कच्चं नव्हतं. मी शूर झाले की ते सुटतात.

सुटू देणार नाही. या थंडीत मी आष्टीकडं जाते आहे, बसनं, एकटी. त्या सात घरांतली पाच अजून तिथं आहेत. त्यांची नातवंडं भली आहेत, आष्टीच्या बाजारात भेटली की वाकून बोलतात. त्यांच्या दारात उभी राहून सांगेन, बंडी कुठं उभी होती, बैल कुठं बांधले होते, कोण काय म्हणालं. दार लावलं तर दाराला सांगेन. दुसऱ्या वर्षी परत जाईन. आणि प्रत्येक दारात सुरुवात माझ्यापासून करीन. वाचणारी मी होते.