अडकणाऱ्या गुडघ्याच्या मागे, पांढरकवड्यापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यात फिरायला म्हणून कोणी जात नाही, निदान या वर्षांत तरी नाही. पेपरात तिथल्या शेतकरी आत्महत्यांचं जे येतं ते वाचून लोक पान उलटतात. मीही फिरायला गेलो नव्हतो. मी एका तक्रारीच्या मागे गेलो होतो.

माझं काम कृत्रिम पायाचे गुडघे बनवायचं. पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी डिझाइन बघतो. आमचा जुना गुडघा पोलादाचा, जड, सारखं तेल मागणारा आणि चिखलात गेला की कुरकुरणारा. आठ वर्षं खपून मी नवा केला. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा, चार दांड्यांवर वाकणारा, आणि बिजागरीत असं प्लास्टिक, की वंगण त्याच्या अंगातच. तेल नको, गंज नाही, वजन जवळपास निम्मं. चाचणीसाठी तो मोजक्या लोकांना बसवला. सगळे खूश होते, फक्त पांढरकवड्याजवळच्या एका खेड्यातल्या लीलाबाई सोडून. वर्षभरात त्यांच्या चार तक्रारी आल्या: ‘चालताना गुडघा अडकतो.’ दोनदा माणूस पाठवून सुटे भाग बदलले. पाचवं पत्र आलं तेव्हा आमचे साहेब म्हणाले, “स्वतः जाऊन बघा. खरं निघालं तर नवा बंद, जुनाच चालू ठेवू.”

त्याच आठवड्यात निघालो. घरी विचारायचं कोणाला होतं? लग्न राहून गेलं ते गेलंच. दूधवाल्याला चार दिवस दूध नको सांगितलं, झाली तयारी.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: यवतमाळला जायचं तर पुण्याहून संध्याकाळची गाडी धरून धामणगावला उतरावं. तिथून एसटी सव्वा तासात पोचवते. थेट पांढरकवडा गाठायचा तर नागपूरहून हायवेनं जाणं बरं. लीलाबाईंना जिथं पाय बसवला त्या केंद्रातले कागद मला बघायचे होते, म्हणून यवतमाळला एक मुक्काम केला. स्टँडजवळच्या लॉजवर दीडशे रुपयांत खोली मिळाली. चादर स्वच्छ, गरम पाणी बादलीनं. जेवायला वांग्याची भाजी, भाकरी आणि जवसाची चटणी. चटणी अशी की मी दोनदा मागून घेतली. समोरच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. वाढणारा पाण्याचे चार ग्लास ठेवून गेला, थोड्या वेळानं येऊन तीन उचलून घेऊन गेला. अशा गोष्टींची मला सवय आहे असं मी सांगतो, पण ती होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पांढरकवडा. वाटेत सागाचं जंगल आहे, खिडकीची जागा धरावी. कापसाच्या गाड्या खरेदी केंद्राबाहेर रांगेत उभ्या होत्या, बैल सोडलेले, माणसं गाडीखाली सावलीला पडलेली. पुढच्या बारा किलोमीटरसाठी ऑटो केला.

“चॅनलवाले का जी तुमी?” ऑटोवाल्यानं विचारलं.

“नाही.”

“मंग सरकारी पॅकेजवाले?”

“मी गुडघ्याचं बघायला आलोय.”

त्यानं आरशातून माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि गावापर्यंत पुढे काही विचारलं नाही.

लीलाबाई पन्नाशीच्या. हायवेवर ट्रकनं उडवलं, तेव्हा डावा पाय मांडीपासून गेलेला. “जय भीम, या सायेब,” म्हणून त्यांनी खाट पुढे केली. शेजारची वंदना तिथंच होती, पस्तिशीची, डोक्याला फडकं बांधून वेचणीला निघालेली. मी गुडघा उघडला, बिजागरी पुसून भिंगातून पाहिली, हातानं शंभर वेळा वाकवला. ओरखडासुद्धा नाही. मग म्हटलं, चालून दाखवा. वंदनानं त्यांच्या काखेत हात घातला आणि दोघी शेताच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, निघाल्या, मी मागे. विसेक पावलांवर लीलाबाई थबकल्या. “हे पाहा, अडकला!” वंदनानं सावरलं. पुढे पुन्हा तेच. माझी आठ वर्षं काळ्या मातीच्या भेगांत जाताना दिसली.

वंदना वेचायला गेली, लीलाबाईंना हात देत मी परत आणलं. मी खाटेवर बसून वहीत ‘दोष: अनियमित अडकणे’ एवढं लिहिलं. तेवढ्यात कोणाची तरी बकरी अंगणात शिरली आणि वाळत घातलेल्या तुरीत तिनं तोंड घातलं. लीलाबाई उठल्या आणि “हाड! हाड!” करत त्या बकरीमागे अंगण ओलांडून, गोठ्याला वळसा घालून रस्त्यापर्यंत गेल्या. गुडघा कुठंही अडकला नाही. इतका सुंदर चालताना मी तो प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता.

त्या परत आल्या आणि माझ्याकडे बघून उभ्याच राहिल्या.

“पाह्यलं का जी तुमी?”

“पाहिलं.”

मला राग आला होता. पाच पत्रं, दोन माणसांच्या खेपा, आणि माझी झोप. त्या खाली बसल्या.

“पाय नव्हता तवा वंदी रोज सकाळी दारात यायची,” त्या म्हणाल्या. “काखेत हात घालून मले वावरात न्यायची, सांजच्याला आणायची. जाता-येता सारं बोलणं व्हायचं. पाय आला, अन् आठ दिसात सारे म्हणाले, आता तुले काय, तू चाल आपली. पोरगं गेलं हैदराबादेले. अर्धी वस्ती गेली कामाले. दिवसभर माह्यासंगं बोलाले कोणी नाय. मंग एक दिवस म्या म्हटलं, गुडघा अडकून राह्यला. दुसऱ्या दिवशी वंदी दारात.”

राग तिथंच संपला. आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे: चालताना दुसऱ्याची मदत लागते का? ‘नाही’ आलं की आम्ही एकमेकांची पाठ थोपटतो. तो प्रश्न मीच लिहिला होता.

“ताई,” मी म्हटलं, “बिघडला असं लिहिलं तर हा गुडघा बंद होईल. बाकीच्यांना पुन्हा ते जड लोखंड.”

त्यांनी बकरीनं विस्कटलेली तूर सारखी केली. “मंग खरं लिहा. माह्यासाठी दुसऱ्याले कायले लोखंड? फक्त वंदीले नका सांगू.”

मी शब्द दिला. संध्याकाळी वंदना मला फाट्यापर्यंत सोडायला आली.

“काय निघालं जी?”

“बघतो... पुण्याला गेल्यावर...”

ती हसली. “कायले लपवता? गुडघा चांगला हाय. बकरीमांगं कशी पयते ते म्या दिवाळीआधीच पाह्यलं.”

“मग तुम्ही रोज...?”

“घरी सासू म्हणते, वाटेत काहून रेंगाळता. लीलाबाईचा गुडघा अडकते म्हटलं का कोणी बोलत नाय. तेवढी वाट आमची दोघींची हाय जी. मले माहीत हाय हे तिले नका सांगू.”

मी तिलाही शब्द दिला. दोन्ही शब्द पाळले आहेत. इथं नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव मुद्दामच दिलेलं नाही. परतताना पांढरकवड्याच्या स्टँडवर आलूबोंडा खाल्ला, गरम होता. एसटीत शेजारी दोन बाया उतरेपर्यंत बोलत होत्या आणि मी झोपल्यासारखं करून ऐकत होतो.

पुण्याला येऊन ‘दोष आढळला नाही’ असा अहवाल दिला. साहेबांनी सही केली. पोलादी गुडघा बंद, माझा चालू. आठ वर्षांनी मिळालेली बातमी. घरी येऊन फोन हातात घेतला, नंबरांची यादी खालपर्यंत पाहिली आणि फोन ठेवून दिला. ती वाट मात्र डोक्यातून जात नाही.

परवा मी फ्रिजवाल्याला बोलावलं. सांगितलं, आवाज करतोय. तो आला, कान लावून ऐकलं, मागची जाळी काढून पाहिली.

“काका, काहीच नाही हो याला.”

“नसेल,” मी म्हटलं. “चहा टाकलाय, बसा.”